बीपीचं मशीन, मावा आणि साडेसातची चोपडी: सोलापुरातल्या एका युनिफॉर्मवाल्याची केस

आधीच सांगते, ही कुणा एकाची जशीच्या तशी गोष्ट नाही. एकसारख्या तीन-चार जणांचं मिळून एक प्रकरण केलंय आणि ओळख लागेल असे तपशील इकडचे तिकडे केलेत. मी समुपदेशक आहे, एका फिजिशियन डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते, त्यामुळं माझ्याकडं येणारी बरीच माणसं "मला टेन्शन आहे" म्हणून येतच नाहीत, ती छाती धरून येतात.

तर हे भाऊ. वय ४३, घर अशोक चौकाच्या बाजूला, खाली युनिट वर घर. धंदा शाळेच्या युनिफॉर्मचा. सोलापूरकरांना सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते, चादर आणि टॉवेलच्या मागोमाग आता आपल्याकडं युनिफॉर्मचा धंदा चांगलाच वाढलाय, लांबलांबच्या शाळांचे शर्ट-पँट इथं शिवून जातात. भाऊंकडं एक कटिंग मास्टर, थोडी मशीनं, आणि बाकीचं काम जॉबवर्कनं विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायकांकडं. फेब्रुवारीपासनं जूनात शाळा उघडेपर्यंत सीझन, म्हणजे वर्षाचं सगळं पोट चार-साडेचार महिन्यांवर. कापड उधारीवर, शिलाई रोख, आणि शाळांचं पेमेंट मात्र माल पोचल्यावर कधीतरी, ऑगस्ट म्हणा नाहीतर दिवाळी म्हणा. हे मुद्दाम सांगतेय, कारण अशा माणसाला "कशाला टेन्शन घेतोस" म्हणणं किती पोकळ आहे ते कळावं. टेन्शन घ्यायला कारण होतं आणि चांगलं धडधडीत होतं.

एप्रिलात एका दुपारी, बाहेर बेचाळीसच्या वर ऊन, युनिटवर पत्रा, भाऊ कापडाचे तागे उतरवून घेत होते. एकदम धडधड, हात गार, बोटांना मुंग्या, डोळ्यापुढं अंधारी. रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. इसीजी नॉर्मल. घरी पाठवलं. चार दिवसांनी सात रस्त्याच्या सिग्नलला परत तेच. परत इसीजी, परत नॉर्मल. मग टूडी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, स्ट्रेस टेस्ट म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला इसीजी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, बी-१२, सगळं झालं. थायरॉईड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी हुबेहूब अशी धडधड होते, म्हणून या तपासण्या व्हायलाच पाहिजेत, त्याला माझा काही विरोध नाही. आणि चालताना चढताना छातीत दाबल्यासारखं दुखणं, दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, असलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल गाठायचं. भाऊंचं तसं काही नव्हतं. रिपोर्टची फाईल जाड झाली आणि डॉक्टर म्हणाले हृदय चांगलंय, तुम्ही आत मॅडमना भेटा.

आत आले ते नाराजच होते. "म्हणजे मी नाटक करलालोय का ओ मॅडम?"

नाही ना. धडधड खरी होती, मुंग्या खऱ्या होत्या. माणूस घाबरला की श्वास भरभर होतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, आणि तो कमी झाला की बोटांना ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की ठोके तसेही वाढतात. म्हणजे पहिल्या दिवशी सुरुवात बहुतेक उन्हानं केली आणि पुढचं भीतीनं. असा पॅनिकचा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरतो, काहीही केलं नाही तरी ओसरतो. हे शेवटचं वाक्य त्यांना अजिबात पटलं नाही, आणि पुढचे तीन महिने आमचं जे काही चाललं ते सगळं या एका वाक्याभोवतीच चाललं म्हणा.

अँक्झायटी किती आहे ते बघायला जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची चाचणी असते, २००६ साली आलेली, शून्य ते २१ गुण, दहा किंवा जास्त आले की नीट बघावं लागतं आणि १५ किंवा जास्त म्हणजे त्रास तीव्र. भाऊंचे आले १६.

एक दिवस लिहून आणा म्हटलं

मी सल्ला द्यायच्या आधी नेहमी हेच सांगते, कालचा दिवस सकाळपासनं रात्रीपर्यंत लिहा, काही लपवू नका. त्यांनी ऑर्डर बुकाच्या पाठीमागं लिहून आणलं आणि ते वाचताना मला निम्मी केस तिथंच कळली.

उठल्या उठल्या, अंथरुणातच, बीपी. बाजारातनं डिजिटल मशीन आणलेलं, ते उशाशी. १३८ आलं की परत एकदा, १४४ आलं की अजून एकदा, आता १५० मग हात बदलून. चहा प्यायच्या आधी चार वेळा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनापासनं घरात होतंच, ते खिशात. दिवसभरात चहा आठ-नऊ, सीझनमध्ये कापडवाले ट्रान्सपोर्टवाले येतात तसा चहा येतो, नाही म्हणता येत नाही. मावा, तंबाखू-सुपारीचा, पाच-सहा पुड्या. शर्टाच्या खिशात अल्प्राझोलम या घबराटीवरच्या गोळीची पट्टी, मेव्हण्यानं कुठनंतरी आणून दिलेली, रोज खात नव्हते पण पट्टी विसरली तर अर्ध्या रस्त्यातनं घरी परत. बायकोला दिवसातनं कितीतरी वेळा "अगं, माझं तोंड पांढरं पडलंय का बघ की." रात्री मोबाईलवर "लेफ्ट साईड पेन", "सायलेंट अटॅक", आणि एकदा ते बघितलं की मोबाईलवाले अजून दहा व्हिडीओ तसलेच दाखवतात हे वेगळंच. शिवाय पहाटे कपालभाती, तीही जोरात, कारण यूट्यूबवर कुणीतरी सांगितलं होतं. आणि ती करताना बोटांना मुंग्या आल्या की परत बीपी!

आता बघा, यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट भाऊ भीती कमी करायला करत होते. आणि माझं मत असं की भीती टिकून होती ती याच गोष्टींमुळं. खाज आली की खाजवल्यावर बरं वाटतं आणि पाच मिनिटांत दुप्पट येते, तसं. मशीन बघितलं, नॉर्मल आलं, हुश्श झालं, पण डोक्यानं नोंद काय घेतली? की मशीन बघितलं म्हणून वाचलो. म्हणजे पुढच्या वेळी बघणं अजून गरजेचं. पट्टी खिशात होती म्हणून वाचलो, बायको म्हणाली काही नाही म्हणून वाचलो. झटका आपोआप ओसरतो हे बघायची संधीच त्या माणसाला मिळत नव्हती.

म्हणून आपल्याकडं अँक्झायटी म्हटलं की सगळे जे सांगतात, ध्यान करा, अॅप घ्या, हे खा ते पिऊ नका, त्यात अजून एक गोष्ट वाढवायची मला घाई नव्हती. मला आधी काढायच्या होत्या.

मशीन

पहिल्या दिवशी "मशीन फेकून द्या" म्हटलं असतं तर ते दुसरं घेऊन आले असते. म्हणून आधी फक्त नियम. बीपी मापायचं ते ठरलेल्या वेळी, सकाळी आणि संध्याकाळी, आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसून, लघवी करून आलेलं असताना, कुणाशी बोलत नसताना, हात छातीच्या पातळीला ठेवून, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, आणि आकडा कागदावर. मधे धडधड झाली तर मापायचं नाही, मुद्दाम नाही. डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं की वरचा आकडा दिवसात दहा-वीसनं इकडं तिकडं होणारच, कुणाचंही, जिने चढून मापलं तर माझंही वाढेल. आठवडाभराच्या कागदावर सरासरी १२८ दिसली. आधीचा १५० हा लागोपाठ तिसऱ्यांदा घाबरत घाबरत मापलेला आकडा होता, एवढंच.

मग दिवसातनं एकदा. मग आठवड्यातनं दोनदा. मग वहिनींनीच मशीन सासूबाईंच्या खोलीत नेऊन ठेवलं, त्यांना खरंच बीपीचा त्रास आहे त्यांना लागतं. ऑक्सिमीटरचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. या मशीनच्या भानगडीला जवळजवळ दीड महिना गेला आणि मला विचाराल तर पुढचं जे सोपं गेलं ते यामुळं गेलं.

वहिनींचा भाग लोक विसरतात. "पांढरं पडलंय का" विचारलं की त्या प्रेमानं, नंतर नंतर वैतागून, "नाही ओ, काही नाही झालंय" म्हणायच्या, आणि दहा मिनिटांनी परत प्रश्न. त्यांना मी एक ठरलेलं उत्तर दिलं: "हा काळजीचा प्रश्न आहे, चोपडीत लिहा." (चोपडी कसली ते पुढं येतंय.) तोडून नाही बोलायचं, पण उत्तरही नाही द्यायचं. पहिले चार-पाच दिवस घरात चांगलीच भांडणं झाली. भाऊ मला म्हणाले, तुम्ही माझ्या बायकोला फितवलंय. सासूबाई तर म्हणाल्या, असलं कसलं औषध, नवरा घाबरलाय आणि ही वही दाखवतीय!

साडेसातची चोपडी

ही चोपडी म्हणजे काय तर काळजी करायची ठरलेली वेळ. पद्धत माझी नाही, थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ सालीच यावर काम केलंय. दिवसभर काळजी आली की एका ओळीत टिपायची आणि पुढं ढकलायची, मग रोज एकाच वेळी एकाच जागी बसून अर्धा तास मनसोक्त काळजी करायची. विचार करू नको म्हटलं तर कुणालाच जमत नाही, नंतर कर म्हटलं तर बऱ्याच जणांना जमतं.

भाऊंचं युनिट सातला बंद होतं. म्हणून साडेसात, युनिटमध्येच, कटिंग टेबलापाशी, शटर अर्धं खाली. पलंगावर नाही, आणि झोपायच्या आधी तर अजिबात नाही. अर्धा तास त्यांना फार वाटला, वीस मिनिटांवर मिटवलं. त्यात दोन रकाने केले, एक "यावर उद्या काहीतरी करता येतंय" आणि दुसरा "झालं तर". सुरुवातीच्या पानांवर असलं लिहिलेलं: कॉलर उलटी लागलेले शर्ट परत आले. छातीत मधेच एक ठोका चुकला. कापडवाल्याचा चेक पंधरा तारखेला. मी गेलो तर युनिट कोण बघणार. मास्टर गावी जातो म्हणतोय.

कॉलर आणि मास्टर पहिल्या रकान्यात, त्यापुढं लगेच कुणाला फोन करायचा ते लिहायचं. ठोका चुकला हे दुसऱ्या रकान्यात, तिथं काहीही करायचं नाही, नुसतं लिहून वीस मिनिटं त्याच्याकडं बघत बसायचं. एका आठवड्यानंतर ते हसत सांगत होते, सकाळी अकराला जीव जाईल असं वाटून लिहिलेली ओळ साडेसातला वाचली की हीच का ती असं होतंय. काही ओळी मात्र साडेसातलाही तेवढ्याच जड होत्या. पेमेंटच्या. त्यावर नंतर येते.

मावा, चहा, पाणी

चहाचं सोपं होतं, कॅफिन अर्धं उतरायला अंदाजे पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहा-सातचे दोन चहा रात्री अकरालाही बऱ्यापैकी अंगात असतात. दुपारी तीननंतर चहा बंद, आलेल्या माणसासोबत ताक किंवा नुसतं पाणी. उन्हाळ्यात ताकाला कुणी नाव ठेवत नाही. एकदम सगळा सोडू नका म्हटलं, नाहीतर डोकं दुखतं आणि मग त्याचीही भीती.

मावा अवघड. भाऊंचं म्हणणं होतं की माव्यानं डोकं शांत होतं. होतं की, पण कशापासनं? तंबाखूतलं निकोटीन ठोके वाढवतं, आणि ते उतरायला लागलं की तास-दोन तासांत चिडचिड, हातापायात अस्वस्थता, काहीतरी चुकतंय असं वाटणं सुरू होतं. तलफ आणि अँक्झायटी अंगात इतकी सारखी वाटते की माणसाला फरक कळत नाही, मावा खाल्ल्यावर जी शांतता येते ती आधीच्या माव्यानं बिघडवलेलं जागेवर आल्याची असते. चोपडीत पुड्यांच्या वेळा लिहायला लावल्या तेव्हा त्यांनाच दिसलं, बरीचशी धडधड शेवटच्या पुडीनंतर दीड-दोन तासांनी. पुड्या कमी होत होत दोनवर आल्या. बंद नाही झाल्या. कॅन्सरचा धोका मी सांगितला, त्यांनी ऐकला, पुडी खिशात तशीच.

आणि पाणी. सोलापुरात राहणाऱ्यालाच कळेल हे. नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांतनं एकदा, आणि त्यांच्या बोळात ते येतं रात्री कधीतरी अडीच-तीनला. पाण्याच्या रात्री भाऊ उठून मोटर लावायचे, पिंप भरायचे, मग झोप येत नाही म्हणून मोबाईल, मोबाईलवर सायलेंट अटॅक, आणि पहाटे धडधड. चोपडीच्या तारखा आणि पाण्याच्या तारखा जवळजवळ जुळत होत्या. झोपेची कुठलीही परदेशी टीपवाली यादी यावर काही सांगत नाही, आपणच काढावा लागतो मार्ग. कॉलेजातल्या मुलानं एक सोडून एक पाळी घ्यायची ठरलं. भाऊंच्या पाळीला मोबाईल वर घरात ठेवून खाली यायचं. आणि झोप किती का झालेली असेना सकाळी उठायचं ते नेहमीच्याच वेळी, दुपारी आडवं व्हायचं नाही. मुलगा दोनदा झोपून राहिला, पाणी गेलं, घरात बोंब झाली. तरी हा उपाय टिकला.

अल्प्राझोलमच्या पट्टीचं मी काही केलं नाही, ते माझं काम नाही. सायकियाट्रिस्टकडं पाठवलं. ही गोळी लगेच आराम देते म्हणूनच तिची सवय लागते, आणि रोज बरेच दिवस घेणाऱ्यानं तर ती मनानं एकदम कधीच बंद करू नये, डॉक्टरच हळूहळू कमी करतात. भाऊ क्वचितच खात होते त्यामुळं सायकियाट्रिस्टनी ती थांबवली आणि दुसरी गोळी सुरू केली, जिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि जी सवयीची नाही. भाऊंना कोणती गोष्ट किती लागू पडली, गोळी का चोपडी, ते वेगळं काढून मला दाखवता येणार नाही, दोन्ही सोबत चाललं होतं.

चालणं, आणि मोहोळ

एप्रिलपासनं भाऊंनी चालणं सोडलं होतं, जिना सुद्धा सावकाश, कारण चाललं की ठोके वाढतात. डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट बघून हिरवा कंदील दिल्यावर मी सांगितलं की आता ठोके मुद्दाम वाढवायचे. दवाखान्याचा जिना भरभर दोनदा, मग खुर्चीत बसून काहीही न करता वाट बघायची. धडधड वाढली, भाऊ माझ्याकडं बघत होते, मी भिंतीवरच्या घड्याळाकडं. चार-पाच मिनिटांत उतरली. परत करूया म्हटलं. हे आम्ही बऱ्याच भेटींत केलं. कपालभाती बंद केली, त्याऐवजी नाकानं साधा श्वास आणि सोडताना लांब, घ्यायच्या दुप्पट वेळ, पाच मिनिटं, तेही रोज सकाळी. झटका आल्यावर तो घालवायला म्हणून नाही, नाहीतर त्याचंही बीपीचं मशीन व्हायचं.

मग सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालणं. शांत वाटावं म्हणून नका जाऊ, ठोके वाढवायला जा, असं सांगितल्यावर त्यांना ते जास्त पटलं, हिशोबी माणूस आहे. मेव्हणा म्हणाला देवळात बसत जा थोडा वेळ, तेही करतात, चांगलंय की.

रेल्वेचं लांबलं. पुण्याला हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन ऑर्डरी आणणारा माणूस, पण मधे झटका आला तर उतरणार कुठं म्हणून दोन महिने गेलाच नव्हता, दोन शाळा तुटल्या. पायऱ्या केल्या. आधी स्टेशनवर जाऊन प्लॅटफॉर्मवर अर्धा तास. मग मोहोळपर्यंत, म्हणजे पुण्याच्या वाटेवरच्या जवळच्या स्टेशनापर्यंत, मुलासोबत. मग मोहोळ एकटं. मग कुर्डुवाडी. एकट्यानं मोहोळला जाताना डब्यात झटका आलाच, आणि खिशात पट्टी नाही, मशीन नाही, वहिनींचा फोन लागेना. भाऊ बसून राहिले. मोहोळ यायच्या आत ओसरला. तिथनं त्यांनी मला मेसेज टाकला, नुसतं "आला आणि गेला". कार्बन डायऑक्साईडचं माझं लेक्चर त्यांना दीड महिन्यात पटलं नव्हतं ते त्या डब्यात पटलं.

जुलैच्या अखेरीला जीएडी-७ चे गुण ८. शून्य नाही आणि मला शून्य अपेक्षितही नव्हते. मधे जूनात, माल निघायच्या आठवड्यात, परत चढले होते, तीन रात्री जागल्या, मशीन सासूबाईंच्या खोलीतनं एकदा चोरून आणलं. वहिनींनी सांगितलं म्हणून कळलं. असं होतं. चोपडी बंद पडू दिली नाही एवढं बघितलं.

कुणाला सोलापुरात किंवा आसपास असं काही होत असेल आणि दवाखान्यात जायची लाज वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सिव्हिल हॉस्पिटललाही मानसोपचार विभाग आहे. मरावंसं वाटतंय असा विचार येत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी बोला.

राहिल्या त्या साडेसातला पण जड असणाऱ्या ओळी, पेमेंटच्या. त्यावर श्वासाचा उपाय चालत नाही, तो सरळ धंद्याचा प्रश्न आहे आणि तो "झालं तर"च्या रकान्यात उगीच पडून होता. वहिनींनी तो उचलून पहिल्या रकान्यात घातला. चोपडीतलीच आकडेमोड करून दोघांनी ठरवलं की पुढच्या सीझनला निम्मे पैसे कापड कापायच्या आधी, नाहीतर ऑर्डर नाही. भाऊंना वाटलं सगळ्या शाळा जातील. तीन शाळांनी नाही म्हटलं, त्यातली एक जुनी होती, तिचं वाईट वाटलं त्यांना. बाकीच्यांनी घासाघीस करून चाळीस टक्क्यांवर हो म्हटलं, आणि आता फेब्रुवारीचं कापड निम्म्याहून कमी उधारीवर येणार आहे.